घरातला धंदा आणि घराची किंमत: कोल्हापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

मूल्यांकनासाठी घर मोजून झालं की टेप गुंडाळता गुंडाळता हे प्रश्न दारातच येतात. फोनवरही तेच येतात. म्हणून एकदा सगळे एका ठिकाणी लिहून काढले. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच अनुभव आहे: घरातल्या धंद्यामुळे किंमत क्वचित पडते, कागदावर नसलेल्या धंद्यामुळे मात्र हमखास पडते. इथले नियम कोल्हापूर महापालिका हद्दीचे आहेत. हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी प्रश्न १४ आधी वाचावा.

१. मी घरी ब्लाउज शिवते. त्यामुळे आमच्या घराची किंमत कमी होईल का?

नाही. मशीन उचलून नेलं की मागे घरच उरतं. घेणारा बघतो ते पाणी, रस्ता, भिंती, कागद आणि शेजार. किंमत हलते ती धंद्याने मागे ठेवलेल्या खुणांनी: खिडकी फोडून बसवलेलं शटर, फरशीत मुरलेलं तेल, जिन्यात रचलेले खोके, दारात कायम लागलेल्या गाड्या. गिऱ्हाईक घरी येतं की काम घराबाहेर जातं, एवढं आधी बघा. डबे करून पोचवणाऱ्या घराचा शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. तिथेच पंगत बसायला लागली की गल्लीचं रूप बदलतं.

२. झोन म्हणजे नक्की काय? आमचं घर कशात येतं ते कुठे कळेल?

शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जागेला एक वापर ठरवून दिलेला असतो: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, सार्वजनिक वगैरे. याचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. कुठल्या झोनमध्ये काय चालतं ते डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत दिलं आहे. नगररचना विभागात सिटी सर्व्हे नंबर घालून अर्ज केला की झोन दाखला आणि भाग नकाशा मिळतो. दोन्ही मागा. दाखल्यावर नुसतं 'निवासी' एवढंच लिहिलेलं असतं. शेजारून जाणारा प्रस्तावित रस्ता आणि आरक्षण भाग नकाशात दिसतं.

यातली खरी गोम अशी की निवासी झोनचे दोन प्रकार आहेत आणि ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतात. जुन्या दाट वस्तीत ९ मीटरपेक्षा अरुंद आणि बाहेरच्या भागात १२ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरची मिळकत पहिल्या प्रकारात येते. तिथे मोजकेच व्यवसाय चालतात. त्याहून रुंद रस्त्यावर दुसरा प्रकार लागू होतो आणि दुकानं, कार्यालयं असे बरेच वापर खुले होतात. म्हणून शिवाजी पेठेतल्या बोळातलं घर आणि वीस पावलांवर मोठ्या रस्त्याला तोंड असलेलं घर, दोन्ही 'निवासी' असूनही भावात एवढं अंतर पडतं.

३. वेगळी परवानगी न घेता घरात काय करता येतं?

पहिल्या प्रकारच्या निवासी भागातही रूढ गृहव्यवसायांना मुभा आहे. शिवण, भरतकाम यांसारखं काम घरच्याच माणसांनी, पगारी कामगार न ठेवता करायचं. मोटर वापरली तरी विजेचा भार अगदी लहान हवा. राहत्या घरात वकील, सीए, आर्किटेक्ट यांना मर्यादित जागेत आपलं काम करता येतं. डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण तपासणीलाही जागा आहे, मात्र रुग्ण दाखल करून घ्यायचे ठरवलं की सगळंच बदलतं.

मर्यादा कुठे ओलांडली जाते ते सांगते. पापड घरच्या चौघी लाटतात तोवर गृहव्यवसाय. सहा बायका रोजावर आल्या, परड्यात पत्रा टाकून यंत्र बसवलं, की तो कारखाना. पत्र्याची शेड हे वाढीव बांधकामही होतं, म्हणजे एका कामात दोन चुका. अन्नपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी आणि माणसं ठेवली असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखालची कार्यवाही वेगळी करावी लागते. उद्यम नोंदणी फुकट आहे, जरूर करा. पण यातला एकही कागद म्हणजे जागेच्या वापराची परवानगी नव्हे. 'माझ्याकडे गुमास्ता (म्हणजे दुकान नोंदणीचा दाखला) आहे' एवढ्यावर झोन बदलत नाही.

४. घरात धंदा केला तर लाइटचं मीटर कमर्शिअल करावंच लागतं का?

नेहमीच नाही. घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिट व मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात घरगुती दराचीच सोय आहे. शिवण, शिकवणी, लहान पार्लर बहुधा यात बसतं.

वापर वाढल्यावर गप्प बसणं मात्र महागात पडतं. तपासणीत घरगुती मीटरवर मोठा व्यवसाय सापडला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासूनचा हे ठरवता आलं नाही तर मागच्या १२ महिन्यांची. अशी थकबाकी घर विकताना हमखास वर येते. घेणारा शेवटचं बिल मागतोच.

५. महापालिकेने आमचा घरफाळा वाणिज्य दराने लावलाय. म्हणजे आता दुकान अधिकृत झालं ना?

नाही. या एका समजुतीपायी मी जुळत आलेले व्यवहार मोडताना पाहिले आहेत. घरफाळा प्रत्यक्ष वापरावर आकारला जातो, तो वापर कायदेशीर आहे की नाही हे त्यातून ठरत नाही. अधिकृत काय ते मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्रावरून कळतं. नकाशात 'पार्किंग' आणि जागेवर किराणा दुकान असेल, तर पंधरा वर्षांच्या वाणिज्य पावत्या दाखवूनही बँकेचा मूल्यांकनकार ती जागा पार्किंग म्हणूनच धरतो.

वापर नगररचनेत बसणारा असेल तर त्या भागापुरता बदल मंजूर करून घ्या. खर्च येतो, हेलपाटे होतात, पण विक्रीच्या वेळी तो पैसा परत येतो. न बसणारा असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा वापराबद्दलची, नोटीस कधीही येऊ शकते हे घेणाऱ्यालाही कळतं, आणि तो तेवढे पैसे कमी करून बोलतो.

६. शेजारच्या घरात मिरची कांडप सुरू झालंय. आमच्या घराचा भाव पडेल का? काय करायचं?

हो, हा फटका खरा आहे आणि तो धंदा करणाऱ्याला नाही, शेजाऱ्याला बसतो. मागे एका पेठेतलं घर दाखवताना मी हजर होते. दोन मजली, स्वच्छ, कागद चोख. मार्च महिना, म्हणजे घरोघरी वर्षाची चटणी करायचे दिवस. घ्यायला आलेल्या काकूंनी मागच्या खोलीच्या खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं. बोट लाल झालं. त्या काही बोलल्या नाहीत, पदराने बोट पुसलं आणि खाली उतरल्या. ते घर पुढे विकलं गेलं, पण पावसाळ्यात, आणि मालकांनी मनाशी धरलेल्या किमतीला नाही.

आधी बोलून बघा. आपल्याकडे गल्लीत एकमेकांशी बोलायची सोय अजून आहे, आणि वेळ ठरवून घेणं, सामायिक भिंतीपासून यंत्र हलवणं, धूळ ओढणारा पंखा बसवणं एवढ्यावर पुष्कळ भांडणं मिटतात. नाही मिटलं तर लेखी तक्रार करा: वापर झोनबाह्य असेल तर नगररचना विभागाकडे, आवाजाची असेल तर पोलिसांकडे. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. तक्रारीची पोच जपून ठेवा. आणि शेजाऱ्याचा तो चरितार्थ आहे हेही ध्यानात असू द्या. यंत्र बंद पाडण्यापेक्षा ते योग्य जागी हलवायला लावणं दोघांच्याही भल्याचं असतं.

७. आमच्या रस्त्यावर सगळीकडे दुकानं आणि दवाखाने झाले. आम्ही अजून राहतोच. हे चांगलं की वाईट?

जागेच्या किमतीला चांगलं, राहण्याला वाईट. हे दोन हिशेब वेगळे ठेवा. राजारामपुरी वसली ती राहण्यासाठी, आज तिचा मुख्य रस्ता बाजारपेठ आहे. ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या बंगल्यांचे दवाखाने आणि कार्यालयं झाली. अशा रस्त्यावर जुन्या बंगल्याच्या बांधकामाला फारसं मोल उरत नाही, पैसे मिळतात ते जमिनीचे. नवीन फरशी, मॉड्युलर किचन यावर खर्च करून विकायला काढू नका, तो खर्च परत येत नाही.

मागच्या गल्लीची गोष्ट उलटी. तिला दुकानाचा भाव मिळत नाही आणि मुख्य रस्त्याच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या मात्र तिच्या दारात लागतात. तिथे मोकळं पार्किंग आणि रात्रीची शांतता शाबूत असेल तर भाव टिकतो.

एक सावधगिरी: नकाशात रस्ता १२ मीटर आणि जागेवर आठच, असं असेल तर रुंदीकरणात तुमचा पुढचा भाग जाणार आहे. रस्त्याकडेच्या ज्या पट्ट्याच्या जोरावर भाव सांगता, तोच जाणारा असू शकतो.

८. फ्लॅटमध्ये क्लास, पार्लर किंवा दवाखाना काढता येतो का? सोसायटी अडवू शकते का?

झोन परवानगी देतो आणि सोसायटी देत नाही, असं होऊ शकतं. दोन्ही गाळण्यांतून जावं लागतं. सोसायटीचे उपविधी वाचा, समितीला लेखी कळवा, उत्तर लेखी घ्या. लिफ्ट, जिना, पाणी आणि पार्किंग सगळ्यांचं आहे, हाच इतर सभासदांचा रास्त मुद्दा असतो. संध्याकाळी चार मुलांची शिकवणी कुणाला खुपत नाही. तीन बॅचमध्ये साठ मुलं आली की वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटलासुद्धा गिऱ्हाईक मिळेना होतं.

९. भाडेकरू घरात व्यवसाय करतो म्हणतोय. द्यावं का?

द्या, पण करारात उद्देश स्पष्ट लिहा. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळवायचा जवळचा मार्ग आहे, तो फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला. व्यवसायासाठी दिलेली जागा अडकली तर नेहमीचं न्यायालय. जास्त भाड्याच्या आशेने 'व्यवसायासाठी' असं लिहिण्याआधी हा फरक तोलून बघा, कारण अडकलेल्या ताब्याइतकी घराची किंमत दुसरं काही पाडत नाही.

भाडेकरू तुमच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी करतो तेव्हा तुमचं संमतिपत्र लागतं. त्यावर मुदत घाला, आणि जागा सोडताना पत्ता बदलल्याचा पुरावा मागून घ्या.

१०. वाटणी करायची आहे. पुढच्या सोप्यात थोरल्या भावाचं दुकान आहे. क्षेत्र सारखं वाटलं तर न्याय होईल का?

होणार नाही. पेठांतली आपली घरं तोंडाला अरुंद आणि आत खोल. पुढे सोपा, मग माजघर, मागे परडं. रस्त्यालगतच्या एका फुटाचं मोल मागच्या फुटाला नसतं. अशा जागेसाठी मूल्यांकनात पट्टा पद्धत वापरतात: पहिल्या पट्ट्याला पूर्ण दर, दुसऱ्याला दोन तृतीयांश, तिसऱ्याला निम्मा.

समजा २० फूट तोंड आणि ९० फूट खोली आहे. ३० फुटांचा एक असे तीन पट्टे पाडले की प्रत्येकी ६०० चौरस फूट. हिशेबाला ते ६००, ४०० आणि ३०० धरले जातात, एकूण १,३००. म्हणजे तीन भावांनी क्षेत्र सारखं घेतलं तरी पुढच्याकडे ४६ टक्के, मधल्याकडे ३१ आणि मागच्याकडे २३ टक्के किंमत जाते. पट्ट्याची खोली किती धरायची हे जागा पाहून ठरतं, पण तत्त्व हेच.

यावर तीन उपाय चालतात. पुढचा भाग घेणाऱ्याने बाकीच्यांना रोख फरक द्यावा. किंवा मागच्यांना जास्त क्षेत्र द्यावं. किंवा पुढचा भाग सामायिक ठेवून भाडं वाटून घ्यावं. हा तिसरा कागदावर गोड दिसतो आणि पुढच्या पिढीत भांडणाचं मूळ होतो, म्हणून मी तो सुचवत नाही. मागच्या हिश्शाला जाण्यायेण्याचा बोळ किती फुटांचा, तो नकाशासह वाटणीपत्रात लिहा आणि वाटणीपत्र नोंदवा. दुकानाची पत, जमलेलं गिऱ्हाईक हे घराच्या किमतीत धरू नका. ती थोरल्याची कमाई आहे. भिंती वडिलांच्या, धंदा त्याचा.

११. ज्या घरात धंदा चालतो ते विकत घेताना गृहकर्ज मिळतं का?

मिळतं, पण प्रत्यक्ष वापर तपासूनच. गृहकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. वाणिज्य जागेला बँका सहसा कमी टक्के आणि जास्त व्याजाने देतात. घेणाऱ्याला कर्ज कमी मिळालं की तो भाव पाडून मागतो, म्हणून विकणाऱ्यानेच आधी वापर, मीटर आणि घरफाळा एका रेषेत आणावा. ते कसं, ते प्रश्न ४ आणि ५ मध्ये.

१२. रेडीरेकनरमध्ये घराचा आणि दुकानाचा दर वेगळा असतो. मुद्रांक शुल्क कोणत्या दराने लागेल?

वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजेच रेडीरेकनरमध्ये, खुली जमीन, सदनिका, कार्यालय, दुकान आणि औद्योगिक असे वेगळे रकाने असतात. दस्तात जे वर्णन, त्याप्रमाणे मूल्य निघतं. शुल्क वाचावं म्हणून दुकानाला 'खोली' लिहू नका, पुढे विकताना तीच खोली म्हणून विकावी लागेल. आणि महिला खरेदीदारांना मिळणारी एक टक्का सवलत निवासी घरापुरती आहे.

१३. मी घराच्या एका खोलीचा खर्च आयकरात धंद्यात दाखवतो. घर विकताना काही अडचण?

वीज, इंटरनेट, दुरुस्ती यांचा वाजवी हिस्सा दाखवलात तर नाही. पण त्या खोलीवर घसारा (वापरामुळे घटणाऱ्या किमतीची वजावट) घेतला असेल तर तेवढा भाग व्यवसायाची मालमत्ता ठरतो. त्याचा नफा अल्पकालीन भांडवली नफ्यासारखा धरला जातो आणि राहत्या घरावरच्या सवलतीचा हिशेबही गुंतागुंतीचा होतो. वर्षाला वाचणारी चार पैशांची रक्कम आणि विक्रीच्या वेळचा कर दोन्ही शेजारी मांडून बघा. सीएंना हे घर विकायच्या आधी विचारा, नंतर नाही.

१४. आम्ही उचगाव, पाचगाव, मोरेवाडीकडे राहतो. आम्हाला हेच नियम?

नियमावली तीच, दार वेगळं. हद्दीलगतच्या ४२ गावांसाठी २०१७ मध्ये कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. बांधकाम आणि वापराची परवानगी तिकडे, घरफाळा मात्र ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायतीचा 'ना हरकत' दाखला म्हणजे प्राधिकरणाची परवानगी नव्हे. इथे सगळ्यात जास्त लोक याच ठिकाणी फसतात.

बिगरशेती आदेशही काढून वाचा. त्यात 'निवासी' लिहिलं असेल आणि तुम्ही गोडाऊन बांधलं असेल तर अट मोडली. गुंठेवारीतला (परवानगीशिवाय गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर आधी नियमितीकरण, मग धंद्याचा विचार.

१५. अंबाबाई मंदिराजवळ घर आहे. भाविकांना खोल्या दिल्या तर किंमत वाढेल?

उत्पन्न नक्की वाढतं. नवरात्रात आणि सुट्यांत खोली रिकामी राहत नाही. पण किंमत ठरवताना दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक, प्रत्येक खोलीला संडास-बाथरूम काढताना जुन्या भिंती फोडल्या, वर मजला चढवला, त्याची परवानगी आहे का. दोन, मिळकत मंदिर परिसर विकास आराखड्याच्या बाधित क्षेत्रात येते का. तिथे नवीन खर्च करण्याआधी महापालिकेत जाऊन आराखड्याचा नकाशा डोळ्यांनी बघून या. गल्लीतल्या चर्चेवर विसंबू नका.

१६. सर्किट बेंच आलं, आता घराला वकिलांचं ऑफिस म्हणून भाव येईल म्हणतात. खरं का?

मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सुरू झालं. सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे चालतात. त्यामुळे भाऊसिंगजी रोड आणि आसपास कार्यालय नि मुक्कामाच्या जागांना मागणी येणं साहजिक आहे. पण मागणी वाढली म्हणून तुमच्या रस्त्याची रुंदी वाढत नाही. प्रश्न २ मधला निकष पुरा होत असेल तरच कार्यालयाचा भाव सांगा.

१७. आमचा गणपतीचा कारखाना घरातच आहे, आणि पूररेषाही आहे. घर विकलं जाईल का?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात मूर्ती वाहून जाताना, शाडूचा चिखल होताना कुंभार गल्लीने आणि बापट कॅम्पने पाहिलं आहे, म्हणून हा प्रश्न मी हलका घेत नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला जवळपास वाव नाही, त्यामुळे तिथे जमिनीला पुनर्विकासाची किंमत मिळत नाही. दोन रेषांच्या मधे जोत्याच्या उंचीसारख्या अटींवर परवानगी मिळते.

अशा घराला घेणारा मिळतो तो बहुधा त्याच कामातला, कारण त्याला अंगण आणि मंडळांची सवयीची वाट हवी असते. बाहेरचा मिळत नाही. घाईने विकण्याआधी आपल्याच लोकांत विचारा.

१८. धंदा बंद होऊन दहा वर्षं झाली, पण मीटर आणि घरफाळा अजून कमर्शिअल आहे. घर विकायचंय.

आधी दोन्ही घरगुती करून घ्या. मीटरसाठी वीज कंपनीकडे वापर बदलाचा अर्ज आणि तपासणी, घरफाळ्यासाठी प्रत्यक्ष पाहणीची मागणी. जुनं शटर असेल तर काढून दार-खिडकी पूर्ववत करा, पाहणीला येणारा आधी तेच बघतो. जीएसटी आणि आस्थापना नोंदणी रद्द केल्याचे कागद जोडा. हे काम एका दिवसात होत नाही, म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधीच अर्ज टाका.